चौकातील वृद्ध आणि खेळणारी मुले

शास्त्रभाग : जखऱ्या ८:१-१७



उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या वस्त्यांचे रूप पालटते. परीक्षा संपलेल्या असतात, मंडळ्यांतून सुटीतील बायबल शाळा भरतात, लग्नांच्या पत्रिका येऊ लागतात, आणि ज्यांना गाव आहे ते गावी जातात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, जबलपूर अशा शहरांतून राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना हे अधिक जाणवत असेल. अर्धी इमारत कुलूपबंद होते आणि मागे उरतात ती दोन टोकांची माणसे : सुटीने मोकळी झालेली मुले आणि प्रवास न झेपणारे वृद्ध. या दोघांविषयी पवित्र शास्त्रात एक लहानसा परिच्छेद आहे. तो आपण या वेळी अभ्यासाला घेऊ. कृपया पुढे वाचण्यापूर्वी जखऱ्याच्या आठव्या अध्यायाची पहिली सतरा वचने एकदा सावकाश वाचावीत. माझे लिहिणे थांबू शकते, वचन आधी.

सातव्या अध्यायाच्या आरंभी दारयावेश राजाच्या चौथ्या वर्षाचा उल्लेख आहे. म्हणजे आपण इ. स. पूर्वी ५१८ या वर्षात आहोत. बाबेलच्या बंदिवासातून पहिले लोक परतले त्याला सुमारे वीस वर्षे लोटली आहेत. मंदिराचे काम पुन्हा सुरू झाले आहे, पण ते पुरे होण्यास अजून तीन वर्षे आहेत. नगराला तट नाही. मजुरी नाही. आणि दहाव्या वचनात संदेष्टा एक विलक्षण गोष्ट नमूद करतो : त्या दिवसांत जाणाऱ्या-येणाऱ्याला सुरक्षितता नव्हती आणि प्रत्येक मनुष्य आपल्या शेजाऱ्याच्या विरुद्ध उभा होता. बाहेरच्या शत्रूबरोबर शेजारही बिघडला होता.

अशा नगराला परमेश्वर अभिवचन देतो. ते देताना तो तटाची उंची सांगत नाही, सैन्य सांगत नाही, सोन्याचांदीचा हिशेब सांगत नाही. तो सांगतो की म्हातारे आणि म्हाताऱ्या पुन्हा यरुशलेमेच्या मोकळ्या जागांत बसतील, वयामुळे त्यांच्या हाती काठी असेल, आणि त्याच जागा खेळणाऱ्या मुलामुलींनी गजबजून जातील. पुढच्याच वचनात तो म्हणतो की हे लोकांना अशक्य वाटेल. एवढी साधी गोष्ट अशक्य का वाटावी? ज्या नगरात लढाई, दुष्काळ आणि रोगराई होऊन गेली तेथे सर्वांत आधी नाहीसे होतात ते म्हातारे आणि मुले. म्हणून ती दोन्ही जेथे एकत्र दिसतात तेथे नगर जिवंत आहे असे समजावे, ही या परिच्छेदाची खूण आहे.

आता शब्दाकडे वळू. मी ज्याला ‘मोकळ्या जागा’ म्हटले तो इब्री शब्द आहे ‘रहोब’, अनेकवचनी ‘रहोबोथ’. या दोन वचनांत तो तीनदा येतो. ‘रुंद असणे’, ‘ऐसपैस असणे’ हा त्याच्या धातूचा अर्थ. जुन्या इस्राएली नगरांत गल्ल्या अरुंद आणि घरे एकमेकांना चिकटलेली असत. वेशीच्या आतल्या बाजूस तेवढी एक मोकळी जागा राखलेली असे. तेथे बाजार भरे, न्याय होई, वाटसरू टेके, संध्याकाळी वारा खायला माणसे येत. ईयोब आपल्या सुखाच्या दिवसांची आठवण काढतो तेव्हा या जागेत आपले आसन कसे मांडले जाई ते सांगतो (२९:७). एज्राने नियमशास्त्र वाचले तेही पाणीवेशीसमोरच्या अशाच जागी (नहेम्या ८:१). प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी येथे ‘प्लातेइया’ हा शब्द योजला. त्याच्याही मुळाशी रुंदपणच आहे. प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत नव्या यरुशलेमेचे वर्णन आहे, त्यातही हाच शब्द येतो.

मराठीत याला काय म्हणावे? ‘रस्ता’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाहने येतात आणि त्यात मुलांना खेळावयास पाठविणे हा अपराध ठरेल. ‘चौक’ म्हटले तर पुणेकर किंवा नागपूरकर वाहतुकीचा दिवा आठवतो. वाड्यातला चौक मात्र अर्थाच्या फार जवळ आहे; पण वाडे आता किती उरले? ‘अंगण’ गोड शब्द आहे, परंतु अंगण एका घराचे असते आणि रहोब कोणाचेच नसते, म्हणजे सर्वांचे असते. माझ्या कच्च्या खर्ड्यात सध्या ‘चौक’ आहे. अंतिम निर्णय समितीचा.

हाच शब्द विशेषनाम म्हणून आपल्याला परिचित आहे. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाचे चाकर गराराच्या खोऱ्यात विहीर खणतात. तेथले गुराखी भांडू लागतात, पाणी आमचे म्हणतात. इसहाक त्या विहिरीचे नाव ‘एसेक’ ठेवतो, म्हणजे तंटा. दुसरी विहीर खणतात, तीवरूनही भांडण. तिचे नाव ‘सितना’, वैर. तिसरीवरून मात्र कोणी भांडत नाही. तिचे नाव तो ‘रहोबोथ’ ठेवतो. आता परमेश्वराने आपल्याला ऐसपैस जागा दिली, असे त्याचे म्हणणे. लक्षात घ्या, वाळवंट तेवढेच होते, एक वीतही रुंदावले नव्हते. भांडण थांबले, आणि तेवढ्याने जागा मोठी झाली.

उन्हाळ्यात हा अध्याय समजावून सांगण्यास टीकाग्रंथ लागत नाही. २०१६ च्या मार्च महिन्यात लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, मिरजेहून पाणी घेऊन पहिली आगगाडी तेथे पोहोचली. दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. एवढे दूर कशाला जावे? टँकर आल्यावर आधी कोणाची टाकी भरावयाची यावरून ज्या इमारतीत तोंडे फुगली नाहीत अशी इमारत वाचकांना ठाऊक असल्यास तिचे नाव त्यांनी रहोबोथ ठेवावयास हरकत नाही.

आणखी एक नाव याच धातूचे आहे. यरीहोतील राहाब! तिने हेरांना घराच्या धाब्यावर नेऊन तेथे रचून ठेवलेल्या जवसाच्या काड्यांखाली लपविले (यहोशवा २:६). ते सुगीचे दिवस होते. ताग, जवस वाळविण्यासाठी धाबे हीच जागा. ते वचन वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमची लहानपणीची गच्ची येते.

नागपूरच्या ज्या वस्तीत मी वाढलो तेथे आमची तीन-चार ख्रिस्ती घरे सोडली तर बाकी सर्व इतर समाजाची होती. एप्रिल उजाडला की वाळवणे सुरू होत. कुरडया, पापड, सांडगे, पाटावरच्या शेवया. एका घरच्या बाईच्याने हे होणारे काम नव्हते. म्हणून आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, असा क्रम न बोलता ठरलेला असे. पहाटे चार वाजता गव्हाचा चीक शिजावयास लागे आणि त्या वासाने आम्ही मुले उठत असू. आमचे काम कावळ्यांपासून राखण करण्याचे. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, वर तेल आणि मीठ. कोणत्या घरची कुरडई कोणाच्या साडीवर वाळते आहे याचा हिशेब फक्त बायांना कळे. दुपारी घरोघर खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या आणि त्यांवर पाणी शिंपडण्याची पाळी. रात्री त्याच गच्च्यांवर सतरंज्या पडत. मधल्या भिंती गुडघाभर उंचीच्या होत्या. त्यांवरून गप्पा, भांडणे आणि पाण्याचे तांबे सारखेच ये-जा करीत. अनुवाद २२:८ मध्ये नवे घर बांधताना धाब्याला कठडा करण्याची आज्ञा का आहे हे आम्हांला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. माणसे जेथे राहतात, निजतात, पाहुणे बसवितात, तेथून कोणी पडू नये. परमेश्वराच्या नियमशास्त्राला गच्ची ठाऊक आहे.

या सगळ्याला मी सोन्याचा मुलामा देऊ इच्छीत नाही. त्या गच्चीवर कोणाच्या तांब्यातले पाणी कोणी प्यावे याचे नियमही होते, आणि ते नियम कोणाला बोचत हे आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना विचारावे. शेजार म्हणजे आपोआप प्रीती नव्हे. शास्त्र हे कोठेही लपवीत नाही. शास्ते १९ मध्ये एक लेवी आपल्या माणसांसह संध्याकाळी गिबा नगराच्या रहोबात येऊन बसतो. जागा रुंद आहे, मोकळी आहे, परंतु एकही दार उघडत नाही. शेवटी शेतावरून परतणारा एक म्हातारा, तोही मूळचा परगावचा, त्याला म्हणतो की काय हवे ते मी देईन, पण चौकात मात्र रात्र काढू नका. पुढे जे घडले ते येथे सांगवत नाही. तेव्हा नुसती मोकळी जागा असून भागत नाही. त्या जागेकडे उघडणारी दारे हवीत.

आणि दारे मिटल्याने काय होते याचे एक उदाहरण मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. ते अमेरिकेतील शिकागो शहराचे आहे. जुलै १९९५ मध्ये तेथे उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा १०६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअसवर गेला. विदर्भातील वाचक येथे हसतील. आपल्याकडे त्या तापमानाला मे महिन्यात कोणी बातमी म्हणत नाही. परंतु हवा दमट होती, विटांची घरे रात्रीही निवत नव्हती, आणि त्या आठवड्याभरात नेहमीपेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत फार मोठा भाग एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा होता. काहींची प्रेते ताब्यात घेण्यास कोणीच आले नाही.

एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेचा अभ्यास केला; त्याचा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. दोन्ही गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ, ऊन तर सारखेच. पण एकीतला मृत्यूचा दर दुसरीच्या सुमारे दहापट! का? जेथे अधिक माणसे मेली त्या वस्तीतील दुकाने बंद पडली होती, घरे ओस होती, आणि भयामुळे म्हातारी माणसे दारे-खिडक्या लावून आत बसत. दुसऱ्या वस्तीत पदपथावर गर्दी होती, दुकाने उघडी होती, मुले बाहेर होती. म्हणून म्हातारेही बाहेर पडत, सावलीत टेकत, आणि एखादा दिसला नाही तर ते ध्यानात येई. हा ग्रंथ काही बायबलचे भाष्य नव्हे. पण तो वाचल्यावर यिर्मया ९:२१ मला निराळे वाटू लागले. तेथे मृत्यू खिडक्यांतून चढून आत येतो, आणि त्याच वचनात रस्त्यांतून मुले व चौकांतून तरुण नाहीसे होतात. चौकासाठी शब्द तोच, रहोबोथ.

आपल्याकडेही मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेच्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेच्या लाटेसाठी आराखडा केला आणि मग नागपूरसह अनेक शहरांनी तसे केले. आधी इशारा देणे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी असे त्यात असते. ते सर्व उत्तम आहे. परंतु तिसऱ्या मजल्यावरचे दार ठोठावणे कोणत्याही आराखड्याच्या आवाक्याबाहेर राहते.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिण्यास मी दोन वर्षे टाळाटाळ केली. आमच्या संकुलात चोवीस घरे आहेत आणि मध्ये एक मोकळी जागा, तीत कडुनिंब. तळमजल्यावर एक निवृत्त शिक्षक एकटे राहतात. सर्व त्यांना गुरुजी म्हणतात. मुलांचा चेंडू दिवसातून दहा वेळा त्यांच्या गॅलरीत जाई. गुरुजी चेंडू ठेवून घेत आणि मागावयास येणाऱ्याला पाढा विचारीत. एकोणिसाचा पाढा आला की चेंडू परत. मुलांची तक्रार नव्हती. तक्रार माझी होती. माझी लिहिण्याची खोली त्याच बाजूला आहे आणि दुपारच्या गलक्याने माझे काम अडत असे. मे महिन्याच्या मध्यास मी आणखी दोघांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. आवारात चेंडू खेळण्यास मनाई असल्याची सूचना फळ्यावर लागली. तिच्यातले शुद्धलेखन मीच तपासून दिले होते. त्या महिन्यात माझ्या टेबलावर कोणते पुस्तक होते हे सांगावयाची लाज वाटते. जखऱ्या होता. शांततेत काम झपाट्याने झाले.

नवतपा लागला. गुरुजींच्या कूलरचा पंप बंद पडला. चेंडू जात नव्हता, म्हणून दारही वाजत नव्हते. एका सकाळी जिना झाडणाऱ्या बाईंना त्यांच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकलेल्या दिसल्या, एक कालची, फुगलेली. त्यांनी आमच्या जिन्यातली दारे ठोठावण्यास सुरुवात केली. माझे दार तिसरे. कडी तोडून आत गेलो तेव्हा गुरुजी जमिनीवर होते, अंग तापलेले आणि कोरडे, बोलणे असंबद्ध. वाढत्या वयात तहानेची जाणीवच मंदावते, असे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. पाणी घरात असूनही माणूस पीत नाही. पाच दिवसांनी ते बरे होऊन घरी आले. त्यांना भेटावयास गेलो तेव्हा ते कोणालाही दोष न देता एवढेच म्हणाले, “मुलांचा आवाज येईना, तेव्हा मला वाटलं सगळे गावाला गेले असतील.”

अर्ज मी केला होता हे त्यांना ठाऊक नव्हते. मी त्याच वेळी सांगितले. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “शुद्धलेखन चांगलं होतं,” म्हणाले.

तेव्हापासून जखऱ्याच्या पाचव्या वचनातील ‘खेळणे’ या शब्दावरून मला घाईने पुढे जाता येत नाही. मूळ धातूचा अर्थ हसणे आणि खेळणे असा दोन्ही आहे. नीतिसूत्रे ८:३०-३१ मध्ये परमेश्वराचे ज्ञान त्याच्यासमोर, त्याच्या पृथ्वीवर आनंद करते असे जे वर्णन आहे तेथे हाच धातू आहे. म्हणजे ज्या गलक्याला मी अडथळा म्हटले त्याला शास्त्र सृष्टीच्या आरंभीचा शब्द देते. आणि सोळाव्या वचनाकडे पाहावे : अभिवचन देऊन झाल्यावर परमेश्वर लोकांना काय करावयास सांगतो? आपल्या शेजाऱ्याशी खरे बोला, आपल्या वेशींत शांतीचा न्याय करा. वेशीजवळच तर रहोब असे. चौक परमेश्वर भरणार, परंतु चौकातले व्यवहार लोकांनी नीट करावयाचे.

एक भाषिक गोष्ट सांगावयाची राहिली, पाणपोईवरून आठवली. मत्तय १०:४२ मध्ये प्रभू येशू लहानातल्या एकाला गार पाण्याचा पेला देण्याविषयी बोलतो. मूळ ग्रीकात तेथे ‘पाणी’ हा शब्दच नाही. नुसता ‘गाराचा पेला’ आहे. पाणी आपण भाषांतरकार घालतो, कारण त्यावाचून मराठी वाक्य उभे राहत नाही. मार्क ९:४१ मध्ये उलट, पाणी आहे पण गार नाही. उन्हातून आलेल्या माणसाला मात्र मत्तयाचे वाक्य तसेच्या तसे समजते, असा माझा अनुभव आहे.

कुटुंब-उपासनेत किंवा आपल्या गटात हा भाग घ्याल तेव्हा प्रार्थनेपूर्वी एका कागदावर आपल्या जिन्यातील किंवा गल्लीतील सत्तरी ओलांडलेल्या एकट्या माणसांची नावे लिहावीत. ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर असे दोन रकाने करू नयेत. प्रत्येक नावापुढे दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि त्यांच्या मुलांचा दूरध्वनी क्रमांक कोणाजवळ आहे ते लिहावे. आमच्या गटात हे केले तेव्हा पाच नावे आणि तीन रिकाम्या जागा निघाल्या.

फळ्यावरची सूचना काढण्यास तीन आठवडे लागले. सही देणाऱ्या दोघांपैकी एकांचा विरोध होता आणि गाड्यांच्या काचांविषयीचे त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. शेवटी ठरले ते असे : दुपारी एक ते चार खेळ बंद, कारण त्या उन्हात मुलांनीही बाहेर असू नये; पुढे अंधार पडेपर्यंत मोकळीक. गुरुजींच्या गॅलरीला जाळी लावून देण्याचा प्रस्ताव आला होता, तो त्यांनीच नाकारला. कडुनिंबाखाली आता चार खुर्च्या असतात आणि संध्याकाळी त्या पुरत नाहीत.

खेळ सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या खोलीची काच फुटली. ज्याच्या बॅटीला चेंडू लागला तो मुलगा स्वतः वर आला, दारात उभा राहिला. मी चेंडू हाती घेऊन त्याला एकोणिसाचा पाढा विचारला.

“काका, सतराचा विचारा ना,” तो म्हणाला. “एकोणिसाचा गुरुजींचा आहे.”